सह्याद्रीची पर्जन्यछाया

महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सुमारे ६००० मिलीमीटर पाऊस पडतो; तेथून पूर्वेस तीस किलोमीटरांच्या आत वसलेल्या वाईस मात्र तो १००० मिलीमीटरांहूनही कमी असतो. अक्षांश जवळजवळ एकच, वारेही तेच. मग ही तफावत कशामुळे? डोंगर ढग अडवितो, हे प्रचलित उत्तर अपुरे होय. कारण वारा माथा ओलांडून पुढे जातच असतो.

अरबी समुद्रावरून आलेली आर्द्र हवा सह्याद्रीच्या कड्यांवरून चढू लागली म्हणजे वातदाब घटून ती प्रसरण पावते व थंड होते. बाष्पाचे सांद्रीभवन होऊन पाऊस पडतो. मुक्त झालेली सुप्त उष्णता मात्र हवेतच राहते. असंपृक्त हवेचे तापमान दर किलोमीटरास सुमारे ९.८ अंश सेल्सियसने बदलते. संपृक्त हवा या उष्णतेमुळे त्याहून मंद गतीने थंड होते. पूर्वेकडे उतरताना, उरलेले जलकण आटल्यावर, ती पहिल्याच जलद दराने तापते. बाष्प घटलेले व तापमान वाढलेले, अशा या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते आणि ढग विरतात.

आणखी पूर्वेस, माण व खटाव तालुक्यांत, जून-जुलैच्या वाऱ्यांवर विसंबता येत नाही. रब्बी ज्वारीची भिस्त मुख्यत्वे सप्टेंबर-ऑक्टोबरमधील गडगडाटी पावसावर असते. तो चुकल्यास सह्याद्रीच्या माथ्यावर कितीही वृष्टी झालेली असो, येथील कोरडवाहू पेरणी धोक्यात येते. म्हणूनच या प्रदेशाच्या अभ्यासात वार्षिक सरासरीइतकेच पावसाच्या कालविभागणीसही महत्त्व दिले पाहिजे.