स्पोर्ट्स मोटारीच्या चाकामागील चकती

कृषिविषयक मासिकांत या विषयाचें काय प्रयोजन, असें कोणी विचारील. परंतु आपल्यापैकीं कित्येकांचे मुलगे हल्लीं जर्मनी, इंग्लंड आदि देशीं नोकरीस आहेत. तेथें जुनी स्पोर्ट्स मोटार बेताच्या किमतींत मिळते, आणि ती हातीं येतांच तिचीं चाकें मडगार्डाच्या कडेपर्यंत बाहेर आणावीं असा मोह तरुणांस होतो. त्यासाठीं चाक व तुंबा यांच्यामध्यें जी धातूची चकती बसवितात तिला 'स्पेसर' म्हणतात. ही चकती मापून घेतली तर वापरतां येते; नुसती जाडी पाहून घेतली तर धांवत्या गाडीचें चाक निखळून आपल्या व परक्याच्या जिवावर बेततें.

बैलगाडीचा भार आंसावरून थेट तुंब्यावर येतो. मोटारीचें चाक मात्र तुंब्याच्या सपाट तोंडाशीं नटांनीं आवळलेलें असतें, व त्या दाबानें उत्पन्न होणारें घर्षणच मुख्यतः भार पेलतें. दाब कमी झाला कीं चाक सूक्ष्म हलूं लागतें, स्टडांस हादरे बसतात व अखेर ते तुटतात. म्हणून पहिला प्रश्न जाडीचा नसून आट्यांचा आहे.

माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं आणलेली एमएक्स-५ ही मोटार उदाहरणादाखल घेऊं. तिच्या पहिल्या घडणीस चार स्टड असून ते १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत. स्टड १२ मिलिमीटर जाडीचा व आटा दीड मिलिमीटरचा. स्टडाच्या जाडीइतकी तरी लांबी नटांत शिरावी असा यंत्रज्ञांचा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे येथें ८ पूर्ण फेरे झाले. समजा, चकतीवांचून नट १० फेरे घेतो. तर ३ मिलिमीटरच्या चकतीनें २ फेरे जाऊन ८ उरतील, तें चालेल. ५ मिलिमीटरच्या चकतीनें पुरते ७ देखील उरत नाहींत. तेव्हां एक तर स्टड लांब बसवावे, नाहीं तर तो नाद सोडावा. स्टडाचें टोक नटाबाहेर डोकावत असेल तर फेऱ्यांची मोजणी फसते, हेंहि लक्षांत ठेवावें. आमचें आयुष्य ज्या कचेरींत गेलें तेथें मोजणीवांचून नोंद होत नसे. तीच शिस्त येथें हवी.

दुसरें माप मधल्या भोंकाचें. या गाडीच्या तुंब्याचा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा आहे. चकतीचें भोंक त्यावर घट्ट बसावें, आणि चकतीच्या बाहेरच्या अंगासहि चाकासाठीं तसाच उंचवटा असावा. सर्व गाड्यांना चालते म्हणून विकली जाणारी, लांबट भोंकांची चकती आमच्या मतें फुकट मिळाली तरी घेऊं नये. एकावर एक दोन चकत्या रचणें तर शुद्ध वेडेपणा होय.

२० मिलिमीटर किंवा त्याहून जाड चकत्या तुंब्यास स्वतंत्र नटांनीं आवळतात, व त्यांना चाकासाठीं स्वतःचे स्टड असतात. येथें मूळ स्टडांचीं टोकें चकतीबाहेर येतां कामा नयेत. तीं आलीं व चाकाच्या पाठीस त्यांच्यासाठीं खळगे नसले, तर चाक नीट टेकणारच नाहीं. शिवाय आंतील नट चाकाआड दडलेले असतात, म्हणून ते तपासावयाचे तर चाक उतरविलेंच पाहिजे. चाक जितकें बाहेर जाईल तितका बेअरिंगवरील ताण वाढतो, व वळणावर टायर मडगार्डास घासण्याचें भय असतें. जाड चकतीची आम्ही शिफारस करीत नाहीं.

जर्मनींत चकतीबरोबर तिचें परीक्षणपत्र लागतें. बहुतेक चकत्या बसविल्यावर टीयूव्हीसारख्या अधिकृत संस्थेकडून गाडी तपासून घ्यावी लागते. इंग्लंडांत विमा कंपनीस आधीं कळवावें.

बसवितांना तुंब्याचें तोंड तारेच्या ब्रशानें गंज काढून स्वच्छ करावें. चाक अधांतरीं असतां नट समोरासमोरच्या क्रमानें हातानें टेकवावे, आणि गाडी खालीं घेतल्यावर तिच्या पुस्तकांतील आंकड्याप्रमाणें टॉर्क पान्यानें आवळावे. सुमारें ८० किलोमीटर चालल्यावर चाकें थंड असतांना तोच पाना पुन्हां लावून पाहावा. आंतील नटांची चकती असेल तर चाक उतरवून.