स्विचवर लक्ष कोण ठेवते?

आपल्या वस्तीतील कितीतरी मुले-मुली बारावीनंतर हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करतात. आईवडील पोटाला चिमटा घेऊन फी भरतात. पण तेथे नेमके काय शिकवतात, हे घरात कोणी विचारीत नाही. पुष्कळ ठिकाणी तारेला टोक बसवणे आणि स्विच भिंतीला लावणे, एवढ्यावर कोर्स आटोपतो. लावलेला स्विच पुढे वर्षानुवर्षे सांभाळायचा कसा, ही खरी विद्या आहे.

स्विच म्हणजे दिव्याचे बटण नव्हे. ऑफिसातील प्रत्येक संगणकाची तार ज्या पेटीत येते, ती ही पेटी. तिला बहुधा २४ किंवा ४८ तोंडे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. मोठ्या इस्पितळात, विद्यापीठात अशा शेकडो पेट्या असतात. प्रत्येकीपुढे माणूस बसवता येत नाही. म्हणून एका खोलीतील संगणकावर देखरेखीचे सॉफ्टवेअर चालवतात. ते ठरावीक वेळाने, पुष्कळदा दर ५ मिनिटांनी, प्रत्येक पेटीची हजेरी घेते. चालू आहेस का? कोणत्या पोर्टातून किती माहिती गेली? चुका किती झाल्या? या प्रश्नोत्तरांची भाषा १९८८ साली ठरली. तिचे नाव एसएनएमपी. एखादी तार तुटली तर पेटी आपणहून ओरडूही शकते, पण तो निरोप वाटेत हरवू शकतो. म्हणून हजेरी चुकवून चालत नाही.

आता गंमत पाहा. पेटी 'मिनिटाला इतके' असे सांगत नाही. विजेच्या मीटरप्रमाणे ती फक्त चढता आकडा देते. मागील रीडिंग वजा करून वापर काढायचा तो सॉफ्टवेअरने. आम्हा कारकुनांना ही वजाबाकी पाठच असते! पण मीटर ९९९९ नंतर शून्यावर येतो, तसा हा आकडाही येतो. जुन्या ३२ बिटांच्या मोजणीत ४ अब्ज २९ कोटींपुढे शून्य. १०० मेगाबिटची तार भरून वाहिली तर हा फेरा पावणेसहा मिनिटांत पुरा होतो, १ गिगाबिटची असेल तर ३४ सेकंदांत. दर ५ मिनिटांनी विचारणाऱ्याला मधले फेरे कळतच नाहीत. तुडुंब भरलेली तार कागदावर मोकळी दिसते. म्हणून ६४ बिटांची मोजणी आली. हे ज्याला ठाऊक नाही, तो मुलगा 'लाइन ठीक आहे' असे साहेबांना सांगून मोकळा होतो आणि पुढे बोलणी खातो.

इंग्लंडमधील लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकच लाइन होती. ती किती भरते हे सर्वांना दिसावे म्हणून टोबियस ओटिकर यांनी एमआरटीजी हा आलेख काढणारा प्रोग्राम लिहिला आणि १९९५ साली सर्वांसाठी खुला केला. तो आजही फुकट मिळतो. घरच्या जुन्या संगणकावर त्याचा सराव करता येतो.

पाहणे झाले, आता हुकूम देणे. एखादे पोर्ट बंद करणे, हिशेब खात्याचे जाळे इतरांपासून वेगळे ठेवणे, ही कामे बसल्या जागेवरून दोनशे पेट्यांवर एकदम होतात. पण चुकीचा हुकूमही तसाच दोनशे ठिकाणी पोहोचतो! ज्या पोर्टातून हुकूम आला तेच बंद झाले, तर केबल घेऊन पेटीपाशी धावावे लागते. यावर २००६ साली आलेल्या नेटकॉन्फ पद्धतीत चांगली सोय आहे. पेटीला ती येत असेल, तर दिलेला बदल १० मिनिटांत 'पक्का' असे सांगितले नाही तर ती आपणहून जुन्या स्थितीवर जाते.

राहिली किल्लीची गोष्ट. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्त्यांत पासवर्ड तारेवरून उघडाच जातो. त्यातही पुष्कळ पेट्या कारखान्यातून वाचण्यासाठी 'पब्लिक' आणि बदल करण्यासाठी 'प्रायव्हेट' हेच शब्द घेऊन येत. ते तसेच राहिले तर जाळ्यात शिरलेला कोणीही मालक होतो. नाव तपासणारी आणि मजकूर गुप्त ठेवणारी तिसरी आवृत्ती २००२ साली पूर्ण मानक झाली. फी भरण्यापूर्वी क्लासवाल्यांना एवढे विचारा, की तुम्ही तिसरी आवृत्ती स्विचवर प्रत्यक्ष लावून दाखवता, की फळ्यावर नुसते तिचे नाव लिहिता?