प्रोजेक्टर दुरुस्त करावा की नवा घ्यावा? सामायिक वस्तूंचा विचार

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने प्रोजेक्टरवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. रास्त आहे. पण आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात एकच खोली दिवसभरात किती जणांची असते ते बघा. सकाळी अभ्यासिका, दुपारी घरी जागा नाही म्हणून लॅपटॉप घेऊन येणारी मुलंमुली, संध्याकाळी ज्येष्ठ नागरिकांचं व्याख्यान, रविवारी लहान मुलांसाठी चित्रपट. या सगळ्यांचा प्रोजेक्टर एकच. तो बिघडला की समितीच्या सभेत जो वाद होतो, त्यात अर्थशास्त्र असतं, नीतिशास्त्र असतं आणि थोडा अहंकारही असतो. म्हणून हा विषय.

मी तीन टप्प्यांनी जाणार आहे. आधी यंत्र, मग हिशेब, आणि शेवटी मालकी. वाद बहुतेक वेळा मालकीचा असतो, पण तो यंत्राच्या भाषेत मांडला जातो. म्हणून हे तीन वेगळे करायला हवेत.

आधी यंत्र

कल्याणकरांना या विषयाचा मान आहे. १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा. सोबत निवेदन आणि रामायण-महाभारतातल्या कथा. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ ला दाखवला गेला. म्हणजे त्याच्या आधीच कल्याणची माणसं पडद्यावरची चित्रं बघत होती. शंबरासुर हा मायावी असुर, म्हणून ‘शांबरिक’. नाव किती नेमकं आहे बघा.

हे सांगण्याचं कारण असं की आजच्या प्रोजेक्टरचा सांगाडा तोच आहे. दिवा, चित्र, भिंग, पडदा. फक्त काचेच्या जागी एलसीडीचं पॅनल आलं, किंवा डीएलपी प्रकारात लाखो सूक्ष्म आरशांची चिप आली. त्यामुळे बिघाड शोधतानाही याच क्रमाने विचार करायचा.

चित्र फिकं दिसतंय? आधी पडदे ओढा, ट्यूबलाइट बंद करा, भिंग मऊ कापडाने पुसा. तरीही फिकं असेल तर दिवा म्हातारा झाला आहे. दिव्याचं जे ‘आयुष्य’ कंपनी छापते, साधारण ३,००० ते ५,००० तास, ते दिवा बंद पडेपर्यंतचं नसतं. त्याचा उजेड निम्म्यावर येईपर्यंतचं असतं. दिवा एका रात्रीत मरत नाही, हळूहळू मंदावतो. आपले डोळे त्याला सरावतात आणि एक दिवस पाहुणे वक्ते म्हणतात, ‘अहो, काही दिसत नाहीये.’

पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होतोय? बहुधा जाळीत धूळ अडकली आहे किंवा पंखा दमला आहे. यंत्र तापलं की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. दिव्याच्या प्रोजेक्टरला वीज गेली की त्रास होतो तो यामुळेच. दिवा विझल्यावरही पंखा काही वेळ चालायला हवा असतो. कार्यक्रम संपल्याबरोबर भिंतीवरचं बटण बंद करणारा उत्साही कार्यकर्ता नकळत दिव्याचं आयुष्य कमी करत असतो.

‘नो सिग्नल’ येतंय? दुसरी केबल लावून बघा. वर्षानुवर्षं वाकवलेली केबल हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित बिघाड. पडद्यावर पांढरे ठिपके वाढतायत? डीएलपी चिपमधले आरसे अडकलेत, दुरुस्ती महाग. एका कोपऱ्यात पिवळा किंवा निळा डाग? एलसीडीचा भाग उष्णतेने खराब झालाय, तीही मोठी दुरुस्ती. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात चार महिने बंद कपाटात ठेवलेल्या यंत्राच्या भिंगावर बुरशी धरते, हेही लक्षात ठेवा.

नियम एकच. स्वस्तातला संशय आधी, महागातला शेवटी. वैद्य आधी नाडी बघतो, शस्त्रक्रिया नंतर सुचवतो, तसं.

मग हिशेब

समजा, तुमच्या संस्थेचा प्रोजेक्टर सहा वर्षं जुना आहे. दुरुस्तीला १४,००० रुपये सांगितलेत आणि नवा ४८,००० ला येतोय. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतोय, तुमचे तुम्ही घाला. सभेत लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘चौदा हजार जुन्यात कशाला घालायचे?’ दुसरा म्हणतो, ‘चौतीस हजार वाचतायत!’ दोघंही अपुरं बोलतायत, कारण दोघांनीही काळ मोजलेला नाही.

वापर आठवड्याला दहा तास धरा, म्हणजे वर्षाला साधारण ५०० तास. नवा प्रोजेक्टर आठ वर्षं चालला तर ४,००० तास होतात, तासाला १२ रुपये पडतात, वर्षाला ६,०००. आता जुन्यात घातलेले १४,००० याच दराने वसूल व्हायला किती काळ लागेल? साधारण दोन वर्षं आणि चार महिने. म्हणजे दुरुस्तीनंतर यंत्र तीन वर्षं टिकणार असेल तर दुरुस्ती स्वस्त. एकच वर्ष टिकणार असेल तर तासाला २८ रुपये पडले, नवा बरा.

म्हणजे खरा प्रश्न कुठे आला बघा. ‘किती पैसे?’ हा नाही, ‘किती दिवस?’ हा आहे. दुरुस्तीवाल्याला हाच विचारायचा. या मॉडेलचे भाग अजून मिळतात का? दिवा मूळ कंपनीचा घालणार की नकली? कामाची हमी किती महिन्यांची? हे लेखी घ्या.

आणि एक सावधगिरी. जाहिरात सांगते, लेझर प्रोजेक्टर घ्या, २०,००० तास चालतो. खरं आहे. पण वर्षाला ५०० तास वापरणाऱ्याला २०,००० तास म्हणजे चाळीस वर्षं! तोपर्यंत केबलीची खोबणी बदललेली असेल, पंखा गेलेला असेल आणि समितीही बदललेली असेल. दिवा बदलायची कटकट नको, चालू केल्याबरोबर उजेड हवा, वीज गेली तर दिव्याची भीती नको, या कारणांसाठी लेझर जरूर घ्या. चाळीस वर्षांच्या आशेवर घेऊ नका.

शेवटी मालकी

ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवलंय. जे पुष्कळांचं असतं त्याची काळजी सगळ्यांत कमी घेतली जाते, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी बघेल. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी हीच गोष्ट चराऊ कुरणाच्या उदाहरणाने मांडली. ते वाचून निष्कर्ष निघतो की सामायिक वस्तू नासणारच. एक तर ती कुणा एकाच्या हाती द्या, नाहीतर सरकारच्या.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी याला उत्तर दिलं. जगभरची कालवे, कुरणं, जंगलं यांचा अभ्यास करून १९९० च्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की माणसं सामायिक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात. २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. आपल्याला इतकं लांब जायचीही गरज नाही. धुळे-नाशिकच्या पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत बघा. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा. पण पाणी सोडणारा पाटकरी ठरलेला, पाट साफ करायची वेळ ठरलेली, कुणाच्या शेतात कधी पाणी हे ठरलेलं. ‘सगळ्यांचं’ याचा अर्थ तिथे ‘कुणाचंच नाही’ असा होत नाही, कारण कामाला नाव आहे.

आता प्रोजेक्टरचा पाटकरी कोण, सांगा! बहुतेक संस्थांत कुणीच नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्याची नोंद असते, पण जाळी शेवटची कधी साफ केली याची नोंद नसते. एका संस्थेत मी असं पाहिलंय की नवा प्रोजेक्टर आला आणि दोन वर्षांत जुन्याच्याच वाटेने गेला. यंत्र बदललं, सवय तीच राहिली. म्हणून माझं म्हणणं असं की दुरुस्ती की नवा हे ठरवण्याआधी सभेने तीन ओळींचा ठराव करावा. सांभाळणारी व्यक्ती कोण, वापराची वही कुठे राहील आणि दर तासाला किती रुपये दुरुस्ती निधीत जातील. हा ठराव होत नसेल तर नवा घेऊ नका. पैसे वाया जातील.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. निर्णय घ्यायला सभेत कोण बसतं? पदाधिकारी. प्रोजेक्टर सगळ्यांत जास्त कोण वापरतं? अभ्यासिकेतली मुलं, ज्यांच्या घरी मोठा पडदा नाही. यंत्र तीन महिने बंद राहिलं तर पदाधिकाऱ्यांचं काही अडत नाही, मुलांची परीक्षा मात्र थांबत नाही. ऑस्ट्रॉमबाईंच्या नियमांपैकी एक हाच आहे. नियम ज्यांना पाळायचे आहेत, ते बदलण्यात त्यांना वाटा हवा. त्या मुलांतली एक-दोन सभेला बोलवा. दुरुस्ती महिनाभर लांबणार असेल तर तेवढ्यापुरता भाड्याने घ्या. हिशेबात तो ‘जादा खर्च’ दिसेल. मी त्याला कर्तव्य म्हणेन.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. इतकी वर्षं पुस्तकं टिकली ती कुणीतरी बांधणी सुटलेलं पुस्तक बाजूला काढून ठेवलं, डिंक लावला, पुन्हा कपाटात ठेवलं म्हणून. सार्वजनिक जीवनाचा बराचसा भाग हा असा डिंक लावण्याचा असतो.

प्रश्नोत्तरांतून

*देणगीदाराने वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला प्रोजेक्टर मोडीत काढणं योग्य आहे का? सगळे भाग बदलले तर तो ‘त्यांचा’ राहतो का?*

छान प्रश्न. मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? बौद्ध म्हणतात, ‘रथ’ हे भागांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेलं नाव. नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून वेगळा आणि खरा. पण गंमत अशी की वस्त्राचा तुकडा काढला तर जुनं वस्त्र नष्ट होऊन नवं ‘खंडपट’ तयार होतं, हे तेच सांगतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी, भाग बदलूनही तोच प्रोजेक्टर राहिला असं ठामपणे म्हणता येत नाही! मग टिकतं काय? देणगीचा हेतू. देणगी खोक्याची नव्हती, मुलांना चित्र दिसावं याची होती. कुटुंबाला आधी कळवा, सभेत ठराव करून रजिस्टरमधून नोंद कमी करा आणि नवीन यंत्रावर तीच पाटी लावा. जुना दिवा मात्र कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, त्यात पारा असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, अधिकृत संकलन केंद्राकडेच द्या.

*त्यापेक्षा मोठा टीव्ही का घेऊ नये?*

खोली लहान असेल तर जरूर घ्यावा. शेवटची रांग चित्राच्या उंचीच्या साधारण सहापटीहून लांब नसावी. ५५ इंची टीव्हीची उंची सुमारे ६८ सेंटिमीटर, म्हणजे शेवटची खुर्ची ४ मीटरच्या आत हवी. वीस माणसांपर्यंत ठीक. त्यापुढे मागच्या रांगेतल्या माणसाला फक्त ऐकू येईल, दिसणार नाही. तेव्हा टेप घेऊन जा, आधी खोली मोजा. आणि टीव्ही घेतलात तरी त्याचा पाटकरी ठरवा.