नियंत्रण भुजा (मोटारगाडी)

नियंत्रण भुजा हा मोटारगाडीचे चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारा, बिजागरीप्रमाणे वर-खाली हलणारा लोखंडी दुवा आहे. इंग्रजी नावावरून त्याला कंट्रोल आर्म म्हणतात. गॅरेजमध्ये नुसते ‘आर्म’ म्हटले तरी पुरते. दोन पाय सांगाड्याकडे आणि एक टोक चाकाकडे अशा बेचकीच्या आकाराच्या भुजेस विशबोन असेही नाव आहे. चाक खड्ड्यात उतरले किंवा उंचवट्यावर चढले, तरी ते ठरलेल्या मार्गानेच हलावे आणि त्याचा जमिनीशी असलेला कोन फारसा बिघडू नये, हे या भुजेचे काम होय. धक्का शोषण्याचे काम स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर करतात. चाकाला दिशा न सोडू देण्याचे काम भुजा करते. (मराठीत सस्पेन्शनसाठी ‘निलंबन’ हा प्रतिशब्द आहे, परंतु तो शिस्तभंगाच्या कारवाईसाठी इतका रूढ आहे की या लेखात सस्पेन्शन हाच शब्द वापरला आहे.)

जुन्या मोटारींच्या पुढील भुजा बदलून अधिक मजबूत, समायोज्य किंवा वेगळ्या बुशाच्या भुजा बसविण्याची पद्धत जगभर आहे. मुंबईत हा विषय प्रामुख्याने प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीच्या फियाट गाड्यांच्या संदर्भात येतो.

रचना

पुढील प्रत्येक चाकास वर एक आणि खाली एक अशा दोन भुजा असतील तर त्या रचनेस दुहेरी विशबोन म्हणतात. वरची भुजा सहसा खालच्या भुजेपेक्षा आखूड असते, आणि हे मुद्दाम केलेले असते. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूस कलते तेव्हा त्या बाजूचे चाक सांगाड्याच्या तुलनेत वर सरकते. आखूड भुजेचे टोक लहान वर्तुळात फिरत असल्यामुळे ते लवकर आत ओढले जाते, चाकाचा माथा गाडीकडे झुकतो आणि टायर जमिनीवर बऱ्यापैकी सपाट टेकून राहतो. दोन्ही भुजा सारख्या लांबीच्या असत्या तर चाक गाडीबरोबरच कलले असते.

भुजेच्या आतील टोकांत बुश असतात. रबरी बुशात आतली व बाहेरची लोखंडी नळी रबराला चिकटलेली असते. भुजा हलते तेव्हा काहीही घासत नाही, रबरच पिळले जाते आणि सुटते. बाहेरील टोकाशी बॉल जॉइंट असतो. त्यापूर्वीच्या आराखड्यांत किंगपिन असे, आणि त्याला नियमित ग्रीस द्यावे लागे. हिंदुस्तान अ‍ॅम्बॅसॅडर ही मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेली गाडी किंगपिनच्या पिढीतील होय. तिच्या पुढील बाजूस गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा पोलादी दांडा, म्हणजे टॉर्शन बार, आहे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये वरची भुजा नाहीच. तिची जागा मॅकफर्सन स्ट्रटने घेतली. तेव्हापासून भारतातील बहुतेक लहान गाड्यांना प्रत्येक पुढील चाकास एकच, खालची भुजा असते. आजच्या तरुण मेकॅनिकला दोन भुजांची गाडी क्वचितच हाताळावी लागते, ही जुन्या गाड्यांच्या मालकांची खरी अडचण आहे.

मुंबईतील प्रीमियर पद्मिनी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या तयार होत. पन्नाशीच्या दशकातील गोलसर फियाट ११०० ला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले होते. साठीच्या दशकात फियाट ११०० डी आली. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि सुमारे ९०० किलोग्रॅम वजन असलेल्या या गाडीस पुढे दुहेरी विशबोन व गुंडाळीच्या स्प्रिंगा, तर मागे अखंड अ‍ॅक्सल व पाटे आहेत. वेगळी चेसिस नसून पत्र्याची काया हीच चेसिस आहे. भुजांच्या सुधारणेचा विचार करताना ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची ठरते.

काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ही गाडी गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत अनेक दशके धावली. मुंबईतील टॅक्सींसाठी २० वर्षांची वयोमर्यादा आहे. टॅक्सी म्हणून नोंद झालेली अखेरची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. आता उरल्या आहेत त्या खाजगी गाड्या.

टॅक्सीच्या काळात भुजांची ‘सुधारणा’ हा प्रश्न फारसा नव्हता, दुरुस्ती हाच होता. गाडी दिवसभर उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडे. म्हणून बुश बदलणे, वाकलेली भुजा सरळ करणे, शिम घालून चाकाचा कोन जुळविणे यांवर काम भागे. सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सींच्या डिकीत जड टाकी आल्याने मागील बाजू खाली बसे आणि पुढील चाकांचे कोनही थोडे बदलत. सुटे भाग ऑपेरा हाउस परिसरातील दुकानांत मिळत, वापरलेले भाग चोर बाजारात. उत्पादन थांबून दोन दशके उलटल्यामुळे मूळ कारखान्याच्या न वापरलेल्या भुजा दुर्मिळ होत गेल्या आहेत, आणि सुधारित भुजेकडे वळण्यामागे हौसेपेक्षा हेच कारण अनेकदा असते.

झीज आणि तिची लक्षणे

या भागातील रस्ते भुजांची परीक्षा पाहणारे आहेत. पेव्हर ब्लॉक बसवलेले चौक लहान पण सततचे हादरे देतात, आणि ते बुशांना एखाद्या मोठ्या खड्ड्यापेक्षा अधिक झिजवतात. दादर व परळ यांच्या मधील हिंदमाता हा सखल भाग पावसाळ्यात पाण्याखाली जातो. अशा पाण्यातून गाडी गेल्यास फाटलेल्या रबरी टोपणातून पाणी सांध्यात शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि उरलेल्या गाळाने सांधा घासला जातो. समुद्राची खारी हवा तर बारमाही आहे. तिचा गंज भुजेपेक्षा भुजा जेथे बोल्टने जोडली जाते त्या पत्र्यात खोलवर असतो आणि रंगाखाली दिसत नाही.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढली जाणे, संथ वेगात खड्ड्यावर ‘टक्’ असा आवाज येणे, टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने झिजणे, स्टिअरिंग सरळ असूनही गाडी हेलकावत जाणे ही प्रमुख लक्षणे होत. चाक उचलून वर व खाली धरून हलवले असता खेळ जाणवला तर दोष बॉल जॉइंट, किंगपिन किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो. एका व्यक्तीने ब्रेक दाबून धरल्यावरही खेळ राहिला तर बेअरिंग निर्दोष समजून सांध्याकडे पाहावे. बुशाची तपासणी डोळ्यांनी होत नाही. लोखंडी पहारीने भुजा हळूच रेटून पाहावी लागते.

सुधारणेचे प्रकार

सर्वांत साधा बदल बुशाचा असतो. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश बसविले की भुजेचा अनावश्यक खेळ कमी होतो, ब्रेकखाली चाक मागे सरकत नाही आणि तेल लागून बुश फुगत नाही. मात्र हा बुश पिळला जात नाही, आतल्या नळीभोवती फिरतो. त्याला योग्य ग्रीस लागते व ते सुकल्यास तो कुरकुरतो. तो रबरापेक्षा कठीण असल्याने रस्त्याचा हादरा सरळ कायेत पोहोचतो. गुळगुळीत शर्यतीच्या मार्गावर जो गुण, तोच परळच्या पेव्हर ब्लॉकवर दोष ठरतो. रोज चालणाऱ्या गाडीसाठी नवे, चांगल्या प्रतीचे रबरी बुश हीच बहुधा सर्वोत्तम सुधारणा असते, जरी त्यात सांगण्यासारखे काही नसले.

दुसरा प्रकार भुजा मजबूत करण्याचा. दाबून घडविलेल्या पत्र्याच्या भुजेची उघडी बाजू पट्टी वेल्डिंग करून बंद केली की ती पेटीसारखी होते व पिळास अधिक विरोध करते. वेल्डिंगच्या उष्णतेने भुजा वाकू नये म्हणून ती साच्यात आवळून, थोडे थोडे टाके दोन्ही बाजूंना आळीपाळीने घालून काम करावे लागते. बुश आधी काढून ठेवावे लागतात. बंद पेटीत पाणी साठते, म्हणून खालच्या बाजूस निचऱ्याचे छिद्र ठेवले नाही तर दोन-तीन पावसाळ्यांत ती आतून कुजू शकते. नळीपासून बनविलेल्या भुजा हा याच विचाराचा पुढचा टप्पा आहे. त्यांच्या टोकाशी आटे असल्यास लांबी कमी-जास्त करता येते.

येथे एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: भुजा वाकली नाही तर काय वाकेल? मोठ्या खड्ड्यात चाक आदळते तेव्हा ती शक्ती कोठेतरी जिरावी लागते. मूळ भुजा वाकते, बदलता येते. भुजा अतिशय ताठ केली की तोच भार ती जेथे बसते त्या पत्र्यावर जातो. आणि पद्मिनीत तो पत्रा म्हणजे गाडीची कायाच. पन्नास वर्षांच्या गंजलेल्या पत्र्यास तडा गेला तर बदलण्यासारखे काही उरत नाही. त्यामुळे भुजेवर खर्च करण्यापूर्वी तिच्या जोडांचा पत्रा खरवडून तपासणे आवश्यक आहे.

चाकांचे कोन

समोरून पाहता चाकाचा उभ्या रेषेशी असलेला कल म्हणजे कॅम्बर. बाजूने पाहता चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा कल म्हणजे कॅस्टर. वरून पाहता दोन्ही चाकांची तोंडे आत किंवा बाहेर असणे म्हणजे टो. भुजेच्या लांबीत किंचित फरक पडला तरी हे कोन बदलतात. वरच्या व खालच्या बाह्य सांध्यांत २५० मिलिमीटर उभे अंतर असेल आणि वरचा सांधा ५ मिलिमीटर आत आला, तर कॅम्बर सुमारे १.१ अंशाने बदलतो. टायरची एक कड लवकर घासली जाण्यास एवढा फरक पुरेसा असतो.

पन्नाशी-साठीच्या गाड्यांचे कोन त्या काळच्या बायस-प्लाय टायरांना धरून ठरविलेले होते. रेडियल टायरची बाजू अधिक लवचिक असते आणि त्याला सामान्यतः थोडा अधिक कॅस्टर व चाकाचा माथा किंचित आत असलेला कॅम्बर मानवतो. मूळ भुजांवर एवढे समायोजन न मिळाल्यास समायोज्य वरची भुजा खरोखर उपयोगी पडते. उलट, जोडाची जागाच वर-खाली सरकविल्यास टाय रॉड आणि भुजा यांच्या फिरण्याच्या वर्तुळांचा मेळ तुटतो. मग प्रत्येक उंचवट्यावर चाक आपोआप थोडे वळते आणि चालकास स्टिअरिंग सतत सावरावे लागते.

भुजा बदलताना

दाबलेली स्प्रिंग हा या कामातील खरा धोका आहे. चाकावर २५० किलोग्रॅम भार असेल आणि स्प्रिंग खालच्या भुजेच्या मध्यावर टेकलेली असेल, तर तरफेच्या नियमानुसार स्प्रिंगवर सुमारे ५०० किलोग्रॅमचा दाब असतो. गाडी उचलल्यावर स्प्रिंग थोडी सैलावते, पण पूर्ण सुटत नाही. बॉल जॉइंट किंवा भुजेचा बोल्ट मोकळा करताच ती उसळून माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसरने बांधून ठेवणे, खालच्या भुजेखाली जॅकचा आधार देणे आणि गाडी पक्क्या स्टँडवर उभी करणे अनिवार्य आहे. विटा किंवा दगड हा आधार नव्हे. वीट पूर्वसूचना न देता फुटते.

रबरी बुशांच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. चाके लोंबकळत असताना बुशाचे बोल्ट पक्के आवळले, तर रबर त्या स्थितीत अडकते. गाडी जमिनीवर येताच भुजा वर जाते आणि रबर कायमचे पिळलेले राहते. असा नवा बुश काही महिन्यांतच फाटतो आणि दोष मालाला दिला जातो. बोल्ट आधी सैल ठेवून, गाडी चाकांवर उभी करून, एक-दोनदा पुढचा भाग दाबून सोडल्यावर ते अखेरचे आवळावेत. दोन्ही बाजूंच्या भुजा जोडीने बदलाव्यात आणि त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा कडक अर्थ लावला. झिजलेल्या भुजेच्या जागी तशाच मापाची भुजा बसविणे ही दुरुस्ती होय. काया कापून दुसऱ्या गाडीचे संपूर्ण पुढील सस्पेन्शन बसविणे हा वेगळा प्रकार आहे. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी होते आणि त्या वेळी गाडीची योग्यता तपासली जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वय असलेली आणि चेसिस, काया वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी या वर्गात नोंदविता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि अशी गाडी नेहमीच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी गाड्यांनी ही वयाची अट २०२४ मध्ये पूर्ण केली. बोल्टने बसणाऱ्या आणि काढून पुन्हा मूळ भुजा लावता येणाऱ्या सुधारणा पसंत करण्याचे, व काढलेल्या जुन्या भुजा भंगारात न देता तेल लावून जपून ठेवण्याचे हे व्यावहारिक कारण आहे.