अंबरनाथ पूर्वेत दिलेला रुपया जातो कुठे? जवळून खरेदी केल्याने खरंच काय फरक पडतो

अंबरनाथ : स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की आधी भाजीवाले दिसतात. त्यातले काही बाजार समितीतून माल उचलून आणतात. काही बायका मात्र आसपासच्या गावपाड्यातून घरच्या वावरातली, नाहीतर रानातली भाजी पाटीत भरून घेऊन येतात. दोन्हीकडे जुडी सारखीच दिसते, भावातही फार फरक नसतो. पण आपण दिलेली नोट तिथून पुढे वेगवेगळ्या वाटेने जाते. "आपल्या माणसाकडून घ्या" असे मेसेज दर दिवाळीला मोबाईलवर फिरतात, त्यामागचा हिशोब मात्र कोणी सांगत नाही.

समजा, १०० रुपयांची भाजी घेतली. विकणारी बाई स्वतःच पिकवणारी असेल, तर गाडीभाडं आणि बी-खताचा खर्च सोडून बाकीचे पैसे तिच्या घरात जातात. त्यातून ती गावातल्या गिरणीवर दळण देते, दुकानातून तेल-मीठ नेते, पोराची वही घेते. गिरणीवाला तेच पैसे गावातल्याच मिस्त्रीला देतो. म्हणजे एकच नोट तालुक्यात तीन-चार हात फिरते. हीच भाजी शेतकरी, आडत्या, घाऊक व्यापारी, कंपनीचं गोदाम आणि मग ॲप अशी आली, तर प्रत्येक टप्प्यावर थोडे पैसे बाहेर जातात आणि शेतकऱ्याच्या वाट्याला तळाचं उरतं. फळं-भाजीपाला शेतकऱ्याने बाजार समितीतच विकला पाहिजे, ही सक्ती महाराष्ट्रात २०१६ साली उठली. थेट गिऱ्हाइकाला विकायला आता कोणाची आडकाठी नाही.

हा हिशोब परदेशात मोजूनही पाहिला आहे. अमेरिकेत शिकागो शहराच्या अँडरसनव्हिल भागात २००४ साली अभ्यास झाला. स्थानिक मालकाच्या दुकानात खर्च झालेल्या १०० डॉलरपैकी ६८ त्या शहरातच फिरत राहिले, मोठ्या साखळी दुकानातले ४३. आपल्याकडचे आकडे वेगळे असणार, पण एक गोष्ट नीट बघा : साखळी दुकानातलेही ४३ राहिलेच. कारण तिथे काम करणारी पोरं स्थानिकच असतात, गाळ्याचं भाडंही स्थानिक माणसालाच मिळतं. त्यामुळे मॉलमध्ये गेलं की सगळा पैसा बाहेर गेला, असं म्हणणं खोटं आहे.

दुसरा एक गैरसमज कराचा. किराणा दुकानातून घेतलं म्हणजे नगरपरिषदेला कर मिळतो, असं बरेच जण सांगतात. तसं नाही. राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीवरचा जीएसटी केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा घेतात. परराज्यातून ऑनलाइन मागवलं तरी कराचा राज्याचा वाटा माल जिथे वापरला जातो त्या राज्याला, म्हणजे महाराष्ट्रालाच येतो. नगरपरिषदेला मिळते ती दुकानाच्या गाळ्याची घरपट्टी. पण दुकानाला टाळं लागलं तर तीही थकणार.

मग नेमकं काय जवळून घ्यायचं? साबण, बिस्किट, शाम्पू कुठूनही घेतलं तरी बहुतेक पैसे कंपनीकडेच जातात, दुकानदाराच्या हाती थोडासा नफा राहतो. तोही महत्त्वाचाच, कारण त्यावरच त्याचं महिन्याचं खातं चालतं. पगार लांबला, भाताचे पैसे यायचे राहिले, तर वहीत लिहून सामान देणारा तोच असतो. २०२० च्या टाळेबंदीत घराजवळचं किराणा दुकान किती कामाला आलं, हे सांगायला नको. तरीही रुपया जास्त फिरवायचा असेल, तर जी वस्तू इथेच बनते किंवा पिकते तिच्यावर आधी लक्ष द्यावं. दळण, शिलाई, चप्पल-छत्रीची दुरुस्ती, बचत गटाचे पापड, गावचा तांदूळ.

शेजारच्या उल्हासनगरचं उदाहरण आहेच. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना लष्कराच्या रिकाम्या छावणीत ठेवलं, आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. हातात काही नसलेल्या माणसांनी तिथे फर्निचर, कपडे, जीन्सचे धंदे उभे केले. त्यांच्या मालाची "मेड इन यूएसए" म्हणून लोकांनी टिंगल केली, पण कपाट नि पँट घेतली तिथूनच. अंबरनाथकराने उल्हासनगरात घेतलेलं कपाट तिथेच बनलेलं असेल, तर तेही जवळचंच धरायला हरकत नाही. बदलापूरचं जांभूळ तर आता भौगोलिक मानांकन मिळालेलं फळ आहे. पावसाच्या तोंडावर थोडेच दिवस मिळतं, टिकत नाही, त्यामुळे ताजं खायचं तर टोपलीवाल्या बाईकडूनच घ्यावं लागतं.

रानभाज्यांचंही तसंच. जूनच्या सुरुवातीला शेवळं येतात, मागून टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, सोबत काकडं घालावी लागतात. विकणारी बाई ती काकडं बरोबर देते आणि कसं करायचं तेही सांगते. त्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस मॉलमध्ये छापील किंमत मुकाट देतो, हे रोज दिसतं.

पैसे देताना एक लक्षात ठेवा. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. त्यामुळे "ऑनलाइन देताय तर वर दोन टक्के" हे मान्य करू नका. क्रेडिट कार्डाची गोष्ट वेगळी. तसंच थंड बाटलीचे छापील किमतीवर जादा घेणं नियमात बसत नाही, आणि वजनकाट्याची वेळेवर पडताळणी होऊन त्यावर शिक्का असला पाहिजे. ओळखीचा दुकानदार म्हणून गप्प बसायचं कारण नाही. आधी त्यालाच सांगावं, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

विकणाऱ्यांनाही हक्क आहेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत रस्त्यावरच्या विक्रेत्याला हटवता येत नाही. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात, त्यात एक तृतीयांश महिला. १ जून २०२० ला सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत विनातारण कर्ज मिळतं, आणि हप्ते वेळेवर फेडले तर व्याजात सवलत मिळते. चौकशी नगरपरिषदेत करावी. खेड्यातून शहरात येऊन विकणाऱ्यांनाही ही योजना आहे, हे बऱ्याच बायकांना माहीतच नाही.

आता तांदळाचं. तालुक्यात भात निघतो दिवाळीच्या आगेमागे. त्यानंतर गावातल्या शेतकऱ्याकडून गोणी घेतली तर मधला दलाल जातो, दोघांनाही परवडतं. चार घरांनी मिळून घेतली तर टेम्पोचं भाडंही वाटलं जातं. घेताना तांदूळ यंदाचा की गेल्या सालचा ते विचारून घ्यावं. नव्याचा भात चिकट होतो, पाणी जरा कमी घालावं.