वादळानंतर दवाखाना चालू राहील का?

लहान बेटाची आरोग्ययंत्रणा बहुधा एका मोठ्या रुग्णालयावर, विखुरलेल्या काही आरोग्य केंद्रांवर आणि बाहेरून औषधे घेऊन येणाऱ्या जहाजावर चालते. मुख्य भूमीवर एखादे जिल्हा रुग्णालय पुरात बुडाले तर रुग्णांना शेजारच्या जिल्ह्यात हलवता येते. बेटाला शेजारचा जिल्हा नसतो. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत लहान विकसनशील बेटराष्ट्रे ३९ आहेत. त्या सर्वांची लोकसंख्या सुमारे साडेसहा कोटी, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण निम्मी, आणि जगाच्या हरितगृह वायूंत त्यांचा वाटा एक टक्क्याच्या आसपास. तापमानवाढीला त्यांचा हातभार नगण्य असला तरी चक्रीवादळे, अवर्षण, वाढती समुद्रपातळी आणि डासांमुळे पसरणारे रोग यांचा मारा मात्र त्यांच्यावर आधी होतो. हा मारा सोसूनही दवाखाना चालू राहील का, हे आधी तपासणे आणि जिथे तो बंद पडण्याची शक्यता आहे तिथे दुरुस्ती करणे, हे आता सार्वजनिक आरोग्याचे एक स्वतंत्र काम झाले आहे.

या कामाला निकड आली ती २०१७च्या सप्टेंबरात. १८ तारखेच्या रात्री पाचव्या श्रेणीचे मारिया वादळ कॅरिबियनमधल्या डॉमिनिका या सत्तर-बहात्तर हजार वस्तीच्या देशावर आदळले. राजधानी रोझो येथील मुख्य रुग्णालयाचे मोठे नुकसान झाले आणि पंतप्रधानांच्या घराचेही छप्पर उडाले. एकूण नुकसान देशाच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २२६ टक्के निघाले. सव्वादोन वर्षांची कमाई एका रात्रीत गेली, असा या आकड्याचा अर्थ. त्यानंतर डॉमिनिकाने जगातला पहिला हवामान-सक्षम, म्हणजे हवामानाचे तडाखे सोसून उभा राहणारा देश होण्याचा संकल्प जाहीर केला.

आरोग्याच्या दृष्टीने त्याहून मोठा धडा मात्र दोन दिवसांनी तेच वादळ जिथे पोहोचले त्या प्वेर्तो रिकोचा आहे. तिथल्या सरकारने आधी मृतांचा अधिकृत आकडा ६४ सांगितला. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने वादळापासून फेब्रुवारी २०१८पर्यंतचे जादा मृत्यू २,९७५ असल्याचा अंदाज काढला आणि सरकारने तो स्वीकारला. हे सगळे लोक भिंती कोसळून किंवा पुरात वाहून गेलेले नव्हते. वीज नसल्याने ऑक्सिजनचे यंत्र बंद पडले, इन्सुलिन थंड ठेवता आले नाही, रस्ते बंद असल्याने डॉक्टरांपर्यंत पोहोचता आले नाही. व्हिएकेस या छोट्या बेटावरचे आरोग्य केंद्र निकामी झाल्यावर तिथल्या डायलिसिसच्या रुग्णांना दर खेपेला विमानाने मुख्य बेटावर न्यावे लागले. प्वेर्तो रिको हा अमेरिकेचा प्रदेश आहे, गरीब किंवा एकटा पडलेला देश नव्हे. तरीही हे घडले. वादळ एका दिवसात निघून जाते, माणसे मात्र पुढचे कित्येक महिने उपचारांअभावी मरत राहतात. म्हणून इमारत किती मजबूत आहे एवढेच पाहणारी तपासणी अपुरी ठरते.

तपासणीची रूढ पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने आखून दिली आहे. तिला असुरक्षितता आणि अनुकूलन मूल्यांकन म्हणतात. आधी आजचा रोगभार मोजायचा. मग पाऊस, उष्णता, वादळे यांच्याशी त्याचा संबंध शोधायचा. पुढच्या दशकांत तो कसा बदलेल याचा अंदाज बांधायचा. आणि हे सगळे पेलायला यंत्रणेजवळ माणसे, पैसा, माहिती, औषधे आणि अधिकार किती आहेत ते पाहायचे. त्यानंतर उपायांचा क्रम लावायचा. २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रशांत महासागरातील १३ देशांनी असे मूल्यांकन केले. प्रत्येक धोक्याची शक्यता किती आणि परिणाम किती, हे दोन निकष लावून त्यांनी धोके क्रमाने मांडले. डासांमुळे व दूषित पाण्यामुळे होणारे रोग, आपत्तीतील इजा, अन्नाची टंचाई, मानसिक आजार अशी ती यादी होती. प्रवाळ खडकांभोवतीचे मासे खाऊन होणारी सिग्वाटेरा ही विषबाधाही त्यात होती. ताटात रोज मासा असणाऱ्या समाजात ती किरकोळ बाब नाही.

पद्धत कागदावर सरळ दिसते, बेटावर ती अडखळते. जागतिक हवामान प्रारूपे पृथ्वीचे साधारण शंभर-शंभर किलोमीटरचे चौकोन पाडून गणित करतात. दहा-पंधरा किलोमीटर लांबीचे बेट त्या चौकोनात समुद्र म्हणूनच धरले जाते. दुसरी अडचण लोकसंख्येची. तुवालूसारख्या सुमारे अकरा हजारांच्या देशात वर्षभरात एखाद्या रोगाचे जेमतेम काही रुग्ण सापडतात. एवढ्या थोड्या आकड्यांवरून पाऊस आणि रोग यांचे नाते सिद्ध करणे संख्याशास्त्राला जड जाते. शिवाय जुनी नोंदवहीच कधी वादळात गेलेली असते. अशा ठिकाणी आरोग्य केंद्रातल्या अनुभवी नर्सचे निरीक्षण हाही पुरावा मानावा लागतो. तो दुय्यम समजणारे अहवाल दिसायला देखणे असतात, पण त्यांचा उपयोग कमी.

जिथे नोंदी बऱ्या आहेत तिथे मात्र अनपेक्षित गोष्टी हाती लागतात. बार्बाडोसमधील अनेक वर्षांच्या आकडेवारीचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डेंग्यू पावसाने वाढतो हे सर्वांना ठाऊक आहे. या अभ्यासात दिसले ते असे की तीव्र अवर्षणानंतर चार-पाच महिन्यांनी आणि अतिवृष्टीनंतर साधारण महिन्याने डेंग्यूचा धोका वाढतो. अवर्षणाचा संबंध पाण्याच्या साठवणीशी जोडला जातो. नळाला पाणी नसले की लोक पिंपे, टाक्या, बादल्या भरून ठेवतात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला घरातच जागा मिळते. लातूरच्या किंवा एकूणच मराठवाड्यातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. हवामान विभागाने दिलेला दुष्काळाचा अंदाज म्हणजे आरोग्य खात्यासाठी डेंग्यूचा आगाऊ इशाराच झाला. कॅरिबियनमध्ये हवामान संस्था आणि सार्वजनिक आरोग्य संस्था मिळून दर तीन महिन्यांनी आरोग्यविषयक हवामानपत्र काढतात. या कामाला खर्च थोडा येतो आणि फायदा मोठा होतो, पण दोन खात्यांनी एकमेकांशी बोलण्याची तयारी लागते.

फिजीचे उदाहरणही बोलके आहे. २०१२ मध्ये तिथे लागोपाठ पूर आले आणि लेप्टोस्पायरोसिसचे ५७६ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ४० दगावले. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईनेही हा रोग पाहिला आहे. गुरे, डुकरे, उंदीर यांच्या मूत्रातले जंतू साचलेल्या पाण्यातून माणसाच्या जखमेत शिरतात. फिजीत लेप्टो, टायफॉइड, डेंग्यू आणि अतिसार या चार रोगांवर एकत्र नजर ठेवली जाते. पुढे २० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन वादळ आले. त्यात ४४ माणसे गेली आणि ८८ आरोग्य केंद्रांची हानी झाली. २०२० मध्ये फिजीने हवामान-सक्षम आरोग्य केंद्रांसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे काढली. दवाखाना कुठे बांधावा हा प्रश्न तिथे खरोखर अवघड आहे. प्रशांत महासागरातील बेटराष्ट्रांत निम्म्याहून अधिक आरोग्य केंद्रे किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत आहेत, कारण वस्ती, रस्ता आणि धक्का तिथेच आहे. प्रवाळ बेटावर तर आत सरकायला जागाच नसते.

इमारतीच्या तपासणीसाठी रुग्णालय सुरक्षा निर्देशांक वापरला जातो. अमेरिका खंडांच्या आरोग्य संघटनेने तो २००८ मध्ये तयार केला. २०१५च्या सुधारित आवृत्तीत १५१ बाबी आहेत. तपासनीस इमारतीत फिरून तीन गोष्टी पाहतात: सांगाडा, त्यातली साधने व जोडण्या, आणि आपत्तीत काम करण्याची तयारी. मूळ पद्धतीत त्यांना अनुक्रमे ५०, ३० आणि २० टक्के वजन आहे. गुण ०.६६ किंवा अधिक आले तर रुग्णालय आपत्तीतही चालू राहील असे मानतात, ०.३५ किंवा कमी आले तर आतल्या रुग्णांचाच जीव धोक्यात आहे. या यादीत जनरेटर तळघरात आहे की उंचावर, ऑक्सिजनची नळकांडी भिंतीला बांधली आहेत का, छपराचे पत्रे कशाने धरले आहेत, टाकीत किती दिवसांचे पाणी आहे, असे साधे प्रश्न असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन वादळात बहामातील फ्रीपोर्टच्या रुग्णालयात पाणी शिरले आणि इमारत मोठ्या प्रमाणावर निरुपयोगी झाली, तेव्हा अशाच प्रश्नांचे मोल कळले. निर्देशांकाची एक मर्यादा मात्र लक्षात घ्यायला हवी. तो एका इमारतीला गुण देतो. रस्ता, वीजवाहिनी आणि बंदर तुटल्यावर पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले रुग्णालयही चार दिवसांत थांबते.

म्हणून कॅरिबियनमध्ये ब्रिटनच्या मदतीने ‘स्मार्ट’ रुग्णालयांची योजना निघाली. नावात झगमगाट असला तरी कल्पना साधी आहे. रुग्णालय सुरक्षित असावे आणि वीज-पाणी कमी वापरणारेही असावे. सेंट व्हिन्सेंटमधील जॉर्जटाउन येथील जुन्या छोट्या रुग्णालयापासून सुरुवात झाली. छप्पर मजबूत केले, पावसाचे पाणी साठवायची सोय केली, सौर पॅनेल बसवले, दिवे बदलले. या दोन गुणांची सांगड सोयीची आहे: रोजचे वीजबिल कमी होते, आणि आपत्तीत त्याच कमी विजेवर दवाखाना जास्त दिवस तग धरतो. नवी टोलेजंग इमारत बांधण्यापेक्षा जुनी दुरुस्त करण्यावर दिलेला भर हा या योजनेचा सर्वांत शहाणपणाचा भाग.

पाण्याचा प्रश्न मालदीवइतका दुसरीकडे क्वचितच उघडा पडला असेल. तिथली सुमारे ८० टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरच्या आत आहे आणि राजधानी माले समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पावर जगते. ४ डिसेंबर २०१४ रोजी त्या प्रकल्पात आग लागली आणि लाखाहून अधिक लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी व नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवले. त्यांतले आयएनएस दीपक मुंबईहून निघाले होते. ही आपत्ती हवामानाची नव्हती. पण एकाच प्रकल्पावर सारी राजधानी विसंबली तर काय होते हे तिने दाखवले, आणि वादळाला तेवढीच कमजोर जागा पुरते. सप्टेंबर २०१७ मध्ये माले येथेच दक्षिण-पूर्व आशियातील आरोग्यमंत्र्यांनी हवामानबदलापुढे आरोग्ययंत्रणा टिकवण्याचा जाहीरनामा स्वीकारला. त्यात भारतही होता.

औषधपुरवठा आणि मनुष्यबळ यांवर बेटांनी काही स्वतःच्या वाटा काढल्या आहेत. वनुआतूने डिसेंबर २०१८ मध्ये एरोमांगो बेटावरच्या दुर्गम वस्तीत ड्रोनने लस पोहोचवली. बोटीने किंवा डोंगर चढून शीतपेटी नेण्यात जाणारे तास काही मिनिटांवर आले. फिजीने डॉक्टर-नर्सचे स्वतःचे आपत्कालीन पथक उभारले आणि २०१९ मध्ये त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. प्रशांत बेटराष्ट्रांतले असे ते पहिले पथक. परदेशी मदत येईपर्यंतचे पहिले दोन-तीन दिवस स्थानिक माणसांनाच निभवावे लागतात. मात्र हीच प्रशिक्षित माणसे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन अधिक पगाराने ओढून नेतात. यावर कोणत्याही मूल्यांकनाकडे चांगला उतारा नाही.

पैशाचे गणित सर्वांत विषम आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये बॉन येथील हवामान परिषदेत फिजी अध्यक्षस्थानी असताना बेटराष्ट्रांसाठी खास आरोग्य उपक्रम सुरू झाला. २०३०पर्यंत सर्व बेटराष्ट्रांच्या आरोग्ययंत्रणा हवामान-सक्षम करणे हे त्याचे ध्येय. पण बहुपक्षीय हवामान निधीतला अगदी तोकडा वाटा आरोग्याला मिळतो. त्यात आणखी एक गुंता आहे. स्वस्त कर्जाची पात्रता मुख्यतः दरडोई उत्पन्नावर ठरते. पर्यटनामुळे बहामा किंवा बार्बाडोस कागदावर श्रीमंत दिसतात आणि सवलतीतून वगळले जातात. एका वादळात वर्षाची कमाई बुडू शकते हे त्या हिशेबात धरलेलेच नसते. हे अन्यायाचे आहे, आणि बेटांनी ते अनेक वर्षे बोलून दाखवले. अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने उत्पन्नाबरोबर असुरक्षिततेचेही मोजमाप करणारा बहुआयामी निर्देशांक स्वीकारला. तो वापरणे कर्ज देणाऱ्या संस्थांवर बंधनकारक नाही.