डोमेनचं भाडं थकलं की नेमकं काय होतं?

आजचा प्रश्न साधा आहे. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, त्याची मुदत संपली तर ते परत मिळतं का? बहुतेक वेळा मिळतं. पण तुम्हाला कितव्या दिवशी कळलं आणि खातं कोणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. आपण म्हणतो, "डोमेन विकत घेतलं." खरं तर ते कोणीच विकत घेत नाही, भाड्याने घेतो. बाजार समितीतला गाळा असतो ना, तसंच. डॉट कॉमचं भाडं एका वेळी कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त १० वर्षांचं भरता येतं. डॉट कॉमची मूळ वही अमेरिकेतली व्हेरिसाइन ही कंपनी ठेवते, तर डॉट इनची आपल्याकडची निक्सी ही संस्था. आपण ज्याला पैसे देतो तो रजिस्ट्रार, म्हणजे मधला दुकानदार.

ही गोष्ट मुंबई उच्च न्यायालयातही आली होती. आपल्या नावाने काढलेल्या बोगस डोमेनांविरुद्ध हिंदुस्तान युनिलिव्हर कंपनी कोर्टात गेली. जून २०२० च्या आदेशात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हे सगळं कसं चालतं ते समजावून सांगितलं. रजिस्ट्रार एखादं डोमेन निलंबित करू शकतो, पण कायमचं ब्लॉक करू शकत नाही. नोंदणी आपोआप होते, मध्ये माणूस बसून काही तपासत नाही. आपल्यासाठी याचा अर्थ काय? नाव एकदा मोकळं झालं की ते आधी कोणाचं होतं, हे यंत्र विचारत नाही. जो आधी येईल त्याचं.

आता डॉट कॉमचं वेळापत्रक बघू. मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एक आणि आठवडाभर आधी एक, अशा दोन सूचना पाठवणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. मुदत संपल्यावर ५ दिवसांच्या आत आणखी एक. हा नियम आयकॅनचा, म्हणजे जगभरातल्या डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा.

पैसे भरले नाहीत तर साइट बंद पडते आणि तिथे रजिस्ट्रारचं पान दिसायला लागतं. घाबरू नका, हा सवलतीचा काळ आहे. नेहमीचे पैसे भरले की नाव परत चालू. हा काळ जास्तीत जास्त ४५ दिवसांचा असतो, पण तेवढा मिळेलच असं धरून चालू नका. किती दिवस द्यायचे ते रजिस्ट्रार ठरवतो, आणि बरेच जण महिनाभरातच नाव लिलावात काढतात.

लिलावात गेलं नाही, तर रजिस्ट्रार नाव वहीतून काढायला सांगतो आणि ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ सुरू होतो. गहाण टाकलेला दागिना सोडवावा तसं. नाव अजूनही तुम्हालाच मिळतं, पण वेगळा दंड लागतो आणि तो वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट असू शकतो. त्यानंतरचे ५ दिवस कोणीच काही करू शकत नाही. मग नाव मोकळं. चांगली नावं पकडायला सॉफ्टवेअर टपूनच असतात, म्हणून हाताने टाइप करून आपण जिंकू ही आशा सोडा. डॉट इनचे नियम निक्सी ठरवते, त्यामुळे तिथल्या मुदती आपल्या रजिस्ट्रारला आधीच विचारून ठेवा.

इथे एक गोची आहे. मुदत संपली की मूळ वहीत तारीख आपोआप एक वर्ष पुढे सरकते. तुम्ही शोधून बघता, पुढच्या वर्षाची तारीख दिसते, आणि वाटतं झालं रिन्यू! तसं नसतं. खाली स्टेटसमध्ये 'ऑटो रिन्यू पिरियड' लिहिलं असेल, तर तुमचे पैसे भरले गेलेत की नाही ते खात्यात जाऊन बघा. 'रिडेम्प्शन पिरियड' म्हणजे दंडाची वेळ आली. 'पेंडिंग डिलीट' म्हणजे उशीर झाला.

आपल्या भागातली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. समजा पुसदला एखादा कोचिंग क्लास आहे किंवा वणीला एखादं हॉटेल. साइट कोणी बनवली? भाच्याच्या मित्राने. डोमेन कोणाच्या खात्यात? त्याच्याच. तो आता पुण्यात नोकरीला, आणि ज्या कॉलेजच्या ई-मेलवर नोंदणी केली तो कधीच बंद झालेला. तिन्ही सूचना जातात, पण वाचणारा कोणीच नसतो.

अशा वेळी "पैसे भरतो ना भाऊ" म्हणून भागत नाही. पैसे भरणं वेगळं, मालकी वेगळी. १९९९ च्या डिसेंबरात खुद्द मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायचं राहून गेलं आणि लोकांचं हॉटमेल अडलं. मायकल चेनी नावाच्या प्रोग्रामरने आपल्या खिशातून ३५ डॉलर भरले आणि सेवा परत सुरू झाली. डोमेन मात्र मायक्रोसॉफ्टचंच राहिलं, कारण नोंद त्यांच्या नावावर होती.

आणि नाव गेलं की फक्त साइट जात नाही. त्या डोमेनवर ई-मेल असेल, तर नवा मालक तोच पत्ता पुन्हा तयार करू शकतो. मग 'पासवर्ड विसरलो'चे मेल त्याच्याकडे जातात. सोशल मीडिया, पेमेंटचं खातं, सगळं धोक्यात. म्हणून नाव हातून जायच्या आधीच अशा खात्यांचा ई-मेल बदलून घ्या.

आता फोन हातात आहेच, तर पाच मिनिटं द्या. ब्राउझरमध्ये लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग उघडा आणि घरच्या, दुकानाच्या, क्लासच्या डोमेनचं नाव टाका. रजिस्ट्रार कोण, तारीख कोणती, स्टेटस काय, तिन्हीचा स्क्रीनशॉट घ्या. मग खातं ज्याच्याकडे आहे त्याला आजच फोन लावा. मालकी मालकाच्या नावावर करून घ्या आणि चालू असलेला ई-मेल व मोबाइल नंबर टाका. ऑटो रिन्यू सुरू केलं तरी कार्डाची मुदत तपासा, कारण कार्ड संपलेलं असेल तर तेही चालत नाही. आणि रिन्यूअलच्या मेलमधल्या लिंकवरून पैसे भरू नका, खोटे मेल खूप फिरतात. रजिस्ट्रारची साइट स्वतः उघडूनच भरा.

काही अडलं तर स्टेटसचा स्क्रीनशॉट पाठवा, ओटीपी आणि पासवर्ड मात्र मलाही नको. भेटू पुढच्या भागात!